टेलरकाकूंची रायफल

"माझ्याजवळ बंदूक आहे," काकू जागेवर उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या.

बसमध्ये चढलेला पोलीस शिपाई अजून पहिल्या बाकापाशीच होता. शहरात आदल्या दिवशी एका पेढीवर दरोडा पडला होता आणि पुलाजवळ येणारी-जाणारी प्रत्येक गाडी थांबवली जात होती. 'घाबरू नका, नेहमीची तपासणी आहे,' एवढं त्याचं म्हणून होतंय न होतंय तोच मधल्या बाकावरून हे वाक्य आलं. काकूंची पुढची वाक्यंही तयार होती. बंदूक परवान्याची आहे, रिकामी आहे, तुम्ही सांगाल तसं मी करते. त्यांनी ती सगळी म्हटलीसुद्धा, पण ऐकायला कोण शुद्धीवर होतं? शेजारचे गृहस्थ बाकाखाली शिरले होते. मागच्या बाईंनी किंकाळी फोडली होती. ड्रायव्हर तर आपल्या बाजूच्या दारातून केव्हाच खाली उतरून रस्त्यापलीकडे पोचला होता.

यात काकूंची चूक एवढीच की त्यांनी आपल्या नेमबाजीच्या कोचचा शब्द न् शब्द पाळला. कोचने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काकू, पोलीस दिसले की आधी तोंडाने सांगायचं, मग हात हलवायचा. उलटं केलंत तर पंचाईत." हे चारचौघांत हळू आवाजात सांगायचं असतं, हे मात्र तो सांगायला विसरला होता. आणि शिलाई मशीनच्या घरघरीवरून गिऱ्हाइकांशी बोलून बोलून काकूंचा आवाज होता चांगला खणखणीत.

काकूंना सगळे टेलरकाकू म्हणायचे. शाळेचे गणवेश, पडदे, पँटींची उंची कमी करणं, असं सगळं त्या घराच्या पुढच्या खोलीत बसून करायच्या. एकदा गावाबाहेरच्या रेंजवरचा कोच एक उसवलेलं जाकीट घेऊन आला. नेमबाजांचं जाकीट म्हणजे जाड कॅनव्हास आणि चामडं, सुईचा जीव घेणारं काम. शहरातल्या कुणी हात लावला नव्हता. काकूंनी ते असं शिवून दिलं की रेंजवरची सगळी जाकिटं त्यांच्याकडे येऊ लागली. कुठे घट्ट होतंय हे बघायला म्हणून त्या एकदा रेंजवर गेल्या, कोचने गमतीने त्यांना पालथं झोपवून रायफल हातात दिली, आणि गंमत तिथेच संपली. सुईत दोरा ओवताना श्वास जिथे थांबवायचा, तिथेच तो घोडा दाबतानाही थांबवायचा असतो, हे काकूंना कुणी शिकवावं लागलं नाही.

धाकट्या जावेने ऐकल्यावर कपाळाला हात लावला. "लोक या वयात गुडघ्यांना तेल लावतात, आणि ही बया जमिनीवर लोळून गोळ्या झाडते!" काका मात्र खूश. परवान्यासाठी त्यांनीच हेलपाटे घातले, आणि स्पर्धा असली की रायफलची लांब पेटी तेच उचलायचे. परवानाही त्यांच्याच खिशात असायचा, कारण काकू चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्यातल्या. सलग तीन वर्षं काकू पात्रतेच्या रेघेच्या जेमतेम खाली राहिल्या होत्या. आज ती रेघ ओलांडली तर त्या राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. आणि नेमकी कालच काकांची पाठ धरली होती.

आता काकू रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, हात खांद्याच्या वर. समोर फौजदार साहेब, बाजूला एक महिला शिपाई, आणि मध्ये जमिनीवर त्यांची पेटी आणि पिशवी. बसमधली सगळी डोकी खिडक्यांशी आली होती, बाकाखालच्या गृहस्थांचंसुद्धा.

महिला शिपायाने पेटी उघडली. रायफलच्या नळीतून लाल दोरी आरपार घातलेली होती.

"ही दोरी कसली?" साहेबांनी विचारलं.

"दोरी दिसते म्हणजे आत गोळी नाही. स्पर्धेचा नियमच आहे तसा. गोळ्या वेगळ्या डबीत आहेत, पिशवीत खाली."

"परवाना?"

"आहे की."

"द्या मग."

काकूंनी पिशवीतल्या जाकिटाकडे पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाल्या, "साहेब, एखादी कात्री मिळेल का? नाहीतर ब्लेड?"

साहेबांचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला.

"अहो, तसं नाही! परवाना जाकिटात आहे. अस्तराच्या आत. शिवून टाकलाय मी काल."

"शिवून?"

"हे बरोबर येणार नव्हते ना आज. म्हणाले, तू कागद हरवशील. म्हटलं, जाकीट तर विसरणं शक्यच नाही, मग त्याच्यातच शिवून टाकते. रेंजवर पोचले की उसवणार होते."

"आणि कात्री?"

"कात्री मुद्दाम घरी ठेवली," काकू अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "बंदुकीबरोबर कात्री दिसली तर पोलिसांना उगीच शंका यायची."

महिला शिपायाने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. साहेब मात्र हसले नाहीत. दरोड्याच्या दुसऱ्या दिवशी एक बाई बंदूक घेऊन बसने चाललीय आणि कागद दाखवायला ब्लेड मागतेय, असं वर कळवायची पाळी आली असती तर कुणालाच हसू आलं नसतं. "हे बघा," ते म्हणाले, "परवाना दिसत नाही तोवर बंदूक आमच्याकडे जमा. ठाण्यात चला, चौकशी होईल."

ठाणं म्हणजे दिवस गेला. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. रेंजचं फाटक स्पर्धा सुरू झाली की बंद व्हायचं आणि मग ते कुणासाठीही उघडत नसे. "साहेब, तुम्ही उसवा. मी हात लावत नाही. तुम्हीच काढा."

कुणाच्या तरी दाढीच्या सामानातलं ब्लेड मिळालं. महिला शिपाई जाकीट मांडीवर घेऊन बसली आणि काकू हात वर ठेवूनच तिला सांगू लागल्या. "एक टाका सोडून एक काप. ओढू नकोस. हं, आता दोरा काढ." पण शिवण काकूंची होती. दुहेरी दोरा, जवळजवळ टाका, गिऱ्हाईक तरण्याचं म्हातारं झालं तरी उसवायची नाही. पोरीच्या नाकी नऊ आले. बोटभर शिवण सुटायलाच एवढा वेळ लागला की बस हॉर्न वाजवून निघून गेली. आयुष्यात पहिल्यांदा काकूंना स्वतःच्या हातच्या कामाचा राग आला.

"बास," साहेब म्हणाले. "घ्या हे सगळं गाडीत. ठाण्यात बघू."

काकूंनी जाकिटाकडे पाहिलं. स्वतःच्या मापाचं, स्वतःच बेतलेलं, दोन वर्षं जपलेलं. फाटलेलं अस्तर म्हणजे झोपल्यावर बरगडीखाली गोळा होणार, आणि नेम तर केसभर हलला तरी गेला. कापड फाडलेलं त्यांना बघवत नसे. दुकानात कापडवाला थान टरकावतो तेव्हासुद्धा त्या दुसरीकडे पाहत.

"फाड," त्या म्हणाल्या.

"काय?"

"फाड गं. सगळं. काखेपासून खालपर्यंत. जोर लाव!"

पोरीने जोर लावला. आवाज पुलापर्यंत गेला असेल. अस्तर लोंबलं आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातला परवाना रस्त्यावर पडला.

साहेबांनी तो उचलला. फोटो पाहिला, काकूंकडे पाहिलं, रायफलीवरचा क्रमांक ताडून पाहिला, मग फोनवरून कुणाला तरी तोच क्रमांक वाचून दाखवला आणि वाट पाहत उभे राहिले. काकूंचे हात आता दुखायला लागले होते. पण खाली घ्या असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्यांनी ते घेतले नाहीत.

"ठीक आहे. सगळं बरोबर आहे," साहेब फोन ठेवत म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. "अहो, हात खाली घ्या आता."

"घेऊ ना?"

"घ्या, घ्या." साहेबांनी परवाना परत दिला तो दोन्ही हातांनी. "बाई, या नाक्यावर रोज माणसं आमच्याशी हुज्जत घालतात. ओळखी सांगतात, वरपर्यंत फोन लावतात. आधीच स्वतःहून सांगणारं, तेही एवढ्या मोठ्याने, मी पहिल्यांदा पाहिलं."

"माझी बस गेली," काकू म्हणाल्या. एवढा वेळ धरून ठेवलेलं रडू आता डोळ्यांत आलं होतं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि महिला शिपायाला हाक मारली. "यांना घेऊन जा आपल्या गाडीतून. आणि पोचवून लगेच येऊ नकोस, काय होतं ते बघून ये."

पोलिसांची गाडी भोंगा न वाजवताही किती जोरात पळते, हे काकूंना त्या दिवशी कळलं. महिला शिपाई पेटी धरून शेजारी बसली होती.

"काकू, खरं सांगू? आम्हाला वर्षातून एकदा नेतात गोळीबाराला. आवाज झाला की माझे डोळे मिटतात. तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते तर. गिऱ्हाइकाच्या महागड्या कापडाला पहिली कात्री लावताना वाटते, तेवढी. पण कापावं तर लागतंच ना."

रेंजच्या बंद होत आलेल्या फाटकातून पोलिसांची गाडी आत शिरली तेव्हा कोचचा चेहरा पांढराफटक पडला. "काकू! काय केलंत?"

"तू सांगितलंस तेच केलं. आता बाजूला हो, मला झोपायचंय."

त्या चटईवर पालथ्या पडल्या. डाव्या बरगडीखाली अस्तराचा बोळा आलाच. त्यांनी तो ओढून बाहेर काढला आणि जाकिटाच्या कडेने सरळ लोंबू दिला. मग गाल रायफलीला टेकवला. हात वर धरून धरून खांदे भरून आले होते, छाती अजून धडधडत होती. काकू थांबल्या. पलीकडे बाकीच्यांच्या गोळ्या सुटत होत्या तरी थांबल्या. सकाळपासून सगळी घाई दुसऱ्यांची होती, आता ही वेळ आपली आहे, असं त्यांना स्पष्ट वाटलं. मग ठोका आणि ठोका यांच्यामधली ती बारीकशी फट त्यांना सापडली, आणि त्यांनी पहिली गोळी तिच्यातून नेमकी ओवली. दुसरी तिथेच. तिसरीही. पुढे त्या मोजत बसल्या नाहीत.

फलकावर नावं लागली तेव्हा काकूंचा चष्मा कुठे होता देव जाणे. "वाच गं," त्या महिला शिपायाला म्हणाल्या.

पोरीने वरून खाली बोट नेलं, आणि फार खाली न्यावंच लागलं नाही. "काकू, तुम्ही रेघेच्या वर आहात! चांगल्या वर! अहो, बघा तरी!" आणि वर्दीतली ती पोरगी सगळ्यांसमोर काकूंना घट्ट बिलगली.

काकूंनी काकांना फोन लावला. "पाठ कशी आहे?" आधी तेच विचारलं. मग सांगितलं. पलीकडून काका नाक ओढत म्हणाले, "तरी तुला सांगत होतो." काय सांगत होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण काकूंनी मान्य करून टाकलं.

निवड झालेल्यांना फोटोसाठी एका ओळीत उभं केलं. बहुतेक पोरी काकूंच्या मुलीच्या वयाच्या, जाकिटं नवीकोरी, चकाकणारी. फोटोवाल्याने डोळ्याला कॅमेरा लावला आणि परत खाली घेतला.

"काकू, तुमचं ते अस्तर लोंबतंय बघा बाहेर. जरा आत खोचता का?"

काकूंनी खाली पाहिलं. एक दोरा सुटलेला दिसला तरी गिऱ्हाइकाला दारातून परत बोलावणारी ती बाई. काखेपासून गुडघ्यापर्यंत फाटकं अस्तर लोंबत होतं.

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि मान ताठ करून उभ्या राहिल्या. "काढ फोटो."