वचन, बायको आणि बाहेरचे परीक्षक

माझा नवरा तत्त्वज्ञानात पीएचडी करतोय, हे मी लग्नात पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. आता मुलगी शाळेत जाते आणि तो अजून करतोच आहे. विषय एवढाच, की दिलेलं वचन नुकसान झालं तरी पाळलंच पाहिजे. कुणी एक शंका काढली की याला आणखी दहा दिसतात आणि स्वारी प्रकरण पुन्हा लिहायला बसते.

यंदा बढतीवर माझी बदली झाली. सोमवारी हजर व्हायचं होतं. पदवी मिळाली तर तिघं एकत्र जाणार, नाहीतर हा इथेच राहणार. मला खरंच धास्ती वाटत होती. म्हणून तोंडी परीक्षेच्या सकाळी त्याच्याकडून वचनच घेतलं, "आज वाद घालायचा नाही. परीक्षक म्हणतील त्याला हो म्हणायचं."

परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते. मी शेवटच्या बाकावर बसले.

"हा निव्वळ हट्टीपणा नाही का?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

"हो सर."

"म्हणजे तुमचा मुद्दाच कोसळतो?"

"हो सर."

त्याच्या मार्गदर्शक बाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, तुम्ही स्वतःच्या प्रबंधाची बाजू का घेत नाही?" परीक्षकच शेवटी वैतागले.

"तीच घेतोय, सर. वाद घालणार नाही असं बायकोला वचन दिलंय. नुकसान झालं तरी पाळायला हवं."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठून ओरडलेच, "सोडलं रे बाबा तुला वचनातून! भांड आता!"

मग काय विचारता! असा तुटून पडला की परीक्षकांनी दोनदा पाणी मागवलं.

"पदवी द्यायला हरकत नाही," शेवटी ते हसत म्हणाले. "फक्त, वचन घेणाऱ्याला ते सोडूनही देता येतं, हे प्रबंधात कुठेच नाही. चार पानं जोडा, मी सही करतो."

नवऱ्याचे डोळे चमकले. "चार पानांत कसं मावेल, सर? निदान दोन प्रकरणं..."

मी पुढे जाऊन त्याचं कोपर धरलं, बाईंकडून कोरे कागद घेतले आणि त्याला तिथल्याच बाकावर बसवलं. मी सांगत गेले, तो लिहीत गेला.

"उदाहरण कुणाचं म्हणून देऊ?" त्याने विचारलं.

"एका बाईचं," मी म्हटलं. "तिला नवऱ्याशिवाय जायचं नाहीये."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग एकही शंका न काढता त्याने ते वाक्य लिहिलं.