घाटघरच्या वाटेवर मोजलेली हवा

मी टायरची हवा मोजणारा एक जुना गेज आहे. पितळेची मान, काचेखाली काटा आणि पौंडांचे आकडे, एवढेच माझे शरीर. आळेफाट्यावर संपतच्या पंक्चरच्या दुकानात मी अकरा वर्षे काढली. सुरुवातीला मला पुसून खिळ्याला टांगत. पुढे माझी कोणाला गरज वाटेना. आमच्याकडे मोटारसायकलवरून टोमॅटोचे क्रेट वाहतात. टायर अंगठ्याला दगडासारखा लागला की हवा बरोबर, असेच सारे मानतात. मी वंगणाच्या डब्यात पडून राहिलो. दुकानात नेहमी येणाऱ्या सुदर्शनने डोंगरात फिरायला डर्ट बाइक घेतली, तेव्हा संपतने मला त्याच्या पिशवीत टाकले. "असू दे राव, त्याचं काय वजन व्हतंय?"

मित्रांनो, मागच्या जुलैत सुदर्शन नाणेघाटाकडे निघाला होता. घाटघरच्या अलीकडे दरड कोसळून रुग्णवाहिका अडकली होती. दरडीपलीकडे, चार किलोमीटरवर, लंकाबाईंना भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करताना विषारी फुरसे चावले होते.

"तुमची गाडी बांधावरून जाईल का?" रुग्णवाहिकेतल्या परिचारिका उज्ज्वलाताईंनी विचारले. "त्यांना इथवर आणा. लवकर जुन्नरला पोचलो तरच उपयोग."

"जाईल की, ताई." टायरवर अंगठा दाबून सुदर्शन निघालाही.

टायरमध्ये अठ्ठावीस पौंड हवा होती. डांबरी रस्त्याला ती ठीक. पण चिखलात टणक टायर जमीन धरत नाही. पहिल्याच चढावर गाडी आडवी झाली आणि सुदर्शनचे कोपर सोलले. तेव्हा त्याने मला बाहेर काढले. हवा सोडत, मोजत तो अकरावर आला. टायर पसरला, त्याचे दाते लाल मातीत रुतले आणि आम्ही वर पोहोचलो.

लंकाबाईंचा पाय पोटरीपर्यंत सुजला होता. त्यांना मध्ये धरून मुलगा जानकू मागे बसला. तिघांना घेऊन चिखलाचा उतार उतरणे शक्य नव्हते. परत ओढ्यातल्या दगडांवरूनच यायचे होते. तेवढ्या ओझ्याखाली अकराच्या हवेने ट्यूब दगड आणि रिममध्ये चेंगरून फाटली असती. सुदर्शनने त्यांना उतरवून हातपंप काढला.

"आरं भाऊ, हवा काय मोजतो? आई जाती माझी."

"ओढ्यात टायर बसला तर पाठीवर न्यावं लागंल, दादा."

"भरू दे त्याला," लंकाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "मपला पाय फुगलाय, टायरबी फुगू दे जरा."

पंप चालू होता. माझा काटा चौदावर अडकला. सुदर्शनने आणखी हवा भरली. मी पुन्हा चौदाच दाखवले. माझ्या मानेत वंगणाची चिकट घाण बसली होती. मी खोटे सांगत होतो आणि मला गप्पही बसता येत नव्हते. फसून आणखी हवा भरली असती, तर टायरने दगडांवरून उसळून तिघांनाही पाडले असते. सुदर्शनने मला मांडीवर आपटले, सदऱ्याच्या टोकाने तोंड पुसले आणि पुन्हा दाबले. अठरा, हवी होती तेवढीच.

ओढ्यात मागचा टायर दोनदा धारदार दगडावर दबला. दोन्ही वेळा जानकूने आईला घट्ट धरले. ट्यूब टिकली, आणि रुग्णवाहिकेने लंकाबाईंना वेळेत जुन्नरला पोचवले.

आठव्या दिवशी लंकाबाई घरी परतल्या. अजून थोड्या लंगडतात.

मित्रांनो, चिखल असो वा खडक, निघण्यापूर्वी हवा मोजा. आणि मोजणाऱ्यालाही वेळीच पुसून ठेवा. ज्या दिवशी त्याचे खरे काम पडेल, त्या दिवशी पुसायला कोणापाशी वेळ असेलच असे नाही.