फिदेलिया मावशीचा निरोप

क्रिस्तन आमच्याकडे राहायला आली तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि मी सतरा. मिनेसोटातल्या कॉलेजातून ती एका सत्रापुरती मेक्सिकोत, आमच्या मेरिदाच्या विद्यापीठात शिकायला आली होती. अशा मुलींना घरं मिळवून देणाऱ्या एल्सीबाई आईच्या ओळखीच्या होत्या. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, मागची खोली रिकामीच असायची. आईच्या जिभेवर तिचं नाव काही बसेना, म्हणून पहिल्याच संध्याकाळी ती क्रिस्ती झाली.

मुलगी गुणी होती. दोरीच्या झोळीत झोपायला चार दिवसांत शिकली, तिखट खाऊन डोळ्यांतून पाणी आलं तरी ताट संपवायची. अडचण फक्त भाषेची. तिची स्पॅनिश पुस्तकातली. आमचं बोलणं भरभर, त्यात माया भाषेतले शब्द कुठूनही येणार. शेजारच्या कुत्र्याला ती "आपण बसा" म्हणायची आणि पाद्रीबाबांना "तू कसा आहेस". आम्ही हसायचो, तीही हसायची. तिची एक सवय मात्र होती. कळलं नाही की दोनदा विचारायची, आणि तिसऱ्यांदा लाज वाटून "हो, हो, कळलं" म्हणून मोकळी व्हायची. आम्हाला ते लगेच ओळखू यायचं, कारण तेव्हा तिचे डोळे वेगळेच दिसायचे. फोनवर डोळे दिसत नाहीत.

माझी आजी फिदेलिया मावशीकडे असायची, तेकाशच्याही पुढच्या एका खेड्यात. आजीला आम्ही माया लोकांच्या रिवाजाप्रमाणे चीच म्हणायचो. महिन्यातून एकदा ती रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला चारच्या बसने मेरिदाला यायची, दोन दिवस राहायची, माझ्या केसांना नावं ठेवायची आणि परत जायची. मावशीच्या गावात फोन एकच, तोही दुकानातला. रांगेत उभं राहायचं, दुकानदार घड्याळाकडे बघत बसलेला, मागचे लोक कान देऊन ऐकतायत. मावशी त्यामुळे फोनवर नेहमी चार शब्दांत बोलायची.

ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी मी शाळेत होते आणि आई शिवणाच्या कारखान्यात. क्रिस्तीचा तास दुपारचा, म्हणून ती घरी एकटीच होती. दहाच्या सुमाराला फोन आला. तिने दोनदा विचारलं. मग "हो, हो, कळलं" म्हणाली. फोन ठेवल्यावर वहीचं पान फाडून तिने स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं: फिदेलियाताईंचा फोन होता. आजी आज निघतात. तुमची वाट बघतील.

दीडला आई जेवायला आली, चिठ्ठी वाचून खूश झाली. दहा-बारा दिवसांपूर्वी चीचला खोकला झाला होता, तो बरा झाला असणार, असं ती म्हणाली. कारखान्यात निरोप पाठवून तिने अर्धी सुट्टी घेतली. कोंबडीचं लिंबू घातलेलं सूप केलं, कारण चीचला दुसरं काही आवडत नसे. क्रिस्तीनेही तास बुडवला. आजीला आणायला मीही येते, म्हणाली. तिला चीच फार आवडायची. दोघींना एकमेकींचं काही कळत नसे आणि त्या तासन्‌तास बोलत बसायच्या.

मी शाळेतून आल्यावर आम्ही तिघी बस स्थानकावर गेलो. चारची बस आली. सगळे उतरले, चीच नाही. आई म्हणाली, पुढच्या गाडीला बसली असेल. साडेपाचची आली. त्यातूनही नाही. आईने आधी मावशीला शिव्या घातल्या, नीट सांगायला काय होतं म्हणून. मग तिचं बोलणं हळूहळू बंद झालं. बाकावर बसल्या बसल्या ती क्रिस्तीकडे वळली.

"बाळा, नीट आठव. फिदेलिया काय म्हणाली? तू लिहिलंस ते नको, तिचे शब्द सांग."

क्रिस्तीने डोळे मिटले. तिचा कान चांगला होता. अर्थ निसटला तरी आवाज तिच्या डोक्यात राहायचे. अगदी मावशीच्याच हेलात ती म्हणाली, "आई चालली गं. लांदीला सांग, आजचा दिवस. तिचीच वाट बघतेय."

लांदी म्हणजे माझी आई. मांडीवरची पिशवी तिने बाकावर ठेवली आणि उठून उभी राहिली.

"चालली म्हणजे निघाली ना?" क्रिस्तीने मला विचारलं. "मी चुकले का?"

कुठे निघाली ते मला सांगावं लागलं. तिथे दुसरं कोण होतं सांगायला?

बस स्थानकाबाहेर तेकाशला जाणारी व्हॅन उभी होती. दोनच जागा उरल्या होत्या. आई चढली, मी चढले. क्रिस्ती दाराला हात लावून खाली उभी राहिली. आई तिला ये म्हणाली नाही की राहा म्हणाली नाही, समोर बघत बसली. ड्रायव्हरने "हात काढ मुली" म्हणून दार ओढलं.

आम्ही पोहोचलो तोवर आठ वाजले होते. चीच सहालाच गेली होती. दुपारपर्यंत शुद्धीवर होती, आईचं नाव घेत होती, असं मावशीने सांगितलं.

इकडे क्रिस्ती घरी गेली आणि भिंतीवर लिहिलेल्या नंबरवर तिने फोन लावला. हे तिने मला नंतर सांगितलं. दुकानदाराने कर्ण्यावरून पुकारलं, फिदेलिया, मेरिदाहून फोन. सबंध गावावरून घुमणारा तो आवाज तिला इथे कानात ऐकू येत होता. पुन्हा पुकारलं, पुन्हा. मावशी तेव्हा चीचला शेवटची आंघोळ घालत होती. मग लाइन तुटली.

दुसऱ्या दिवशी माती द्यायच्या आधी क्रिस्ती पहिल्या बसने, विचारत विचारत, एकटी तिथे आली. कुणीतरी तिच्या हातात गरम चॉकलेटचा पेला दिला. भिंतीला टेकून ती तो धरून राहिली. मावशी आणि आई समोरच होत्या.

"सकाळी दहाला निरोप दिला होता तुला," मावशी म्हणाली. "आणि रात्री आठला उगवलीस."

"बस चुकली," आई म्हणाली.

एवढंसं वाक्य. ते क्रिस्तीला पूर्ण कळलं. ती एक पाऊल पुढे आली, "नाही, मी," म्हणाली, आणि पुढचा शब्दच तिला सापडेना.

"क्रिस्ती, पाव घे," आई तिच्याकडे न बघता म्हणाली.

तिने पाव घेतला.

नंतर तिने एल्सीबाईंना गाठून दुसरं घर मागितलं. एल्सीबाई आल्या तेव्हा आई म्हणाली, का, इथे काय कमी आहे तिला? ती राहिली. आईने तिचं काहीच बदललं नाही. तेच जेवण, तेच "जपून जा". फक्त "बाळा" म्हणणं थांबलं. ते आईच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. क्रिस्तीच्या मात्र आलं होतं.

एका रविवारी तिने माफीचं अख्खं पान लिहून पाठ केलं. व्याकरण मी तपासून दिलं, एकही चूक राहू दिली नाही. आई भाजी चिरत होती. क्रिस्तीने शेवटपर्यंत म्हटलं. आईने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि कांदा हातात घेतला. तिच्या मनात राग होता की ती थकली होती, मला आजही सांगता येणार नाही. पुढच्याच आठवड्यात, तुळशीसारख्या एका झाडाला क्रिस्तीने जरा जास्त पाणी घातलं म्हणून आई एवढी ओरडली की शेजारीण दारात आली. मग आई आतून कडी लावून बसली. क्रिस्ती बाहेर कुंडीतलं पाणी वाटीने काढत राहिली.

तिला आता सगळं कळायला लागलं होतं, विनोदसुद्धा. पण बोलणं मात्र आटत गेलं. एकदा मी शाळेतून आले तर फोन वाजत होता आणि ती त्याच्यासमोर हात मागे बांधून उभी होती. मी उचलला. राँग नंबर होता.

डिसेंबरात ती गेली. विमानतळावर आईने तिच्या दोन्ही गालांवर ओठ टेकवले, पिशवीत नारळाची वडी घातली. त्यानंतर पाच-सहा वर्षं नाताळाला तिची पत्रं यायची. उत्तरं मी लिहायचे. आई सांगायची, लिही, आम्ही मजेत आहोत.

मावशी त्या नाताळाला आली नाही, पुढच्याही नाही. आता येते, पण आईशी बेतानेच बोलते. गेल्या वर्षी भाकऱ्या थापता थापता मला म्हणाली, "तुझ्या आईला त्या दिवशी यायचंच नव्हतं. बस म्हणे चुकली. तू होतीस ना बरोबर? खरंच चुकली होती?"

आई शेजारच्या खोलीत होती. दार उघडं होतं.

"हो," मी म्हणाले.