सावळीरामाचा उलटा ऑक्टोपॅड

अहो, उठता कुठं एवढ्यात? बसा की टेकून जरा. वरातीच्या गाडीवर उलटी सरगम वाजवणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. चहा निवंल तर निवू द्या, दुसरा करू. पण ही ऐकून जा.

सावळीराम मखमलाबादचा. घरी भाजीचा मळा होता, पण गडी मळ्यात कमी आणि जीवनच्या बँड पार्टीत जास्त. क्लॅरोनेट वाजवायचा. असं वाजवायचा की नवरदेवाची घोडीसुद्धा कान टवकारायची. पण फुंकणाऱ्याचं सगळं दातांवर असतं बघा. तंबाखूनं म्हणा, वयानं म्हणा, पुढचे दात एकेक करून गेले. कवळी बसवली, तर पहिल्याच फुंकरीला कवळी क्लॅरोनेटला चिकटून बाहेर! बँडवाले रस्त्यातच पोट धरून बसले. सावळीरामबी हसला. घरी येऊन मात्र जेवला नाय.

जीवन मालक असला तरी वयानं लहान आणि मनानं बरा. म्हणाला, "काका, ड्रेस तोच, टेम्पोतली जागा तीच. फक्त फुंकू नका, हा खुळखुळा हलवा."

हलवला बिचाऱ्यानं. अख्खा सीझन हलवला. जीवननं हाकललं नाय, याचे उपकार मानायचा, अगदी मनापासून मानायचा. पण ज्यानं आयुष्यभर गाणं पुढं नेलं त्यानं मागं उभं राहून छुक छुक करायचं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्यालाच.

हे दोन हजार तीन-चारचं साल धरा. सावळीरामची सून सुवर्णा, मालेगावकडची. तिच्या भावाचा आर्केस्ट्रा होता, तो मोडून त्यानं डीजे घेतला. ऑक्टोपॅड पडला अडगळीत. दिवाळीला माहेरी गेलेली सुवर्णा येताना तोच साडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून घेऊन आली.

"आबा, ह्याला फुंकावं लागत नाय," ती म्हणाली.

सावळीरामनं बघितलं. पाटाएवढी काळी पेटी, वर आठ रबरी चौकोन. "हे तर बडवायचं काम. मी सुराचा माणूस हाय, पोरी."

"सूरबी निघतात ह्यातनं. काठी मारली की आत जे ठरवलंय ते वाजतं. ढोलक ठरवा, ढोलक वाजंल. सा ठरवा, सा वाजंल."

सासू झुंबरबाई मेथी निवडता निवडता म्हणाली, "बरं झालं बाई. माझं डोकं खाण्यापरीस रबर बडवतील."

आता सुवर्णाला हे कसं येत होतं? तर माहेरी भावाचं बघून बघून. दुपारची कामं आटोपली की ती पेटी घेऊन बसायची. सहा चौकोनांत सूर, उरलेल्या दोनांत संबळ. आधी आवाज क्लॅरोनेटचाच लावला. पण काठी मारली की सूर निघायचा आणि मध्येच तुटायचा, उचकी लागल्यावाणी. सावळीराम वैतागला. "हे क्लॅरोनेट नाय, क्लॅरोनेटचं भूत हाय!" मग तिनं जलतरंगासारखा एक आवाज शोधला. काठी पडली की छान घुमायचा आणि आपसूक विरायचा. तेव्हा कुठं म्हाताऱ्याची मान हलली.

इकडं जीवनच्या कानावर गेलंच. तो म्हणाला, "काका, तुळशीचं लग्न झालं की पहिली वरात गावातलीच हाय. नवरदेवाच्या दारापासून मारुतीपर्यंत तुम्ही वाजवा. जमलं तर गाडीवर पुढची जागा तुमची. नाय जमलं तर वाईट वाटून घेऊ नका, खुळखुळा हायेच."

आणि जमंना ना! गाणं वर जायचं तिथं सावळीरामचा हात खाली जायचा, खाली यायचं तिथं वर. हळदीचं गाणं, जे झोपेत वाजवलं असतं, ते शीर्षासन केल्यावाणी निघायचं. तुळशीचं लग्न तोंडावर आलं आणि त्यानं काठ्या ठेवून दिल्या. "राहू दे पोरी. तू लय केलंस. माझ्या नशिबी खुळखुळाच."

दुसऱ्या दिवशी दुपारी सावळीराम ओट्यावर आडवा पडला होता, डोळे मिटून, पोटावर हात. बोटं मात्र पोटावर चालली होती, न फुंकता क्लॅरोनेट वाजवत होता. सुवर्णा बघतच राहिली. मग जवळ येऊन म्हणाली, "आबा, तसंच पडून राहा. आता सा वाजवा बरं, खालचा."

त्यानं उजव्या हाताची बोटं दाबली.

"आता वरचा."

डाव्या हाताची हलली.

"अगं माय! उलटं शे हाई!" सुवर्णा ओरडली. रागात नायतर आनंदात आली की तिची अहिराणी बाहेर पडायची; 'उलटं हाय हे' म्हणत होती. "आबा, क्लॅरोनेटला खालचे सूर तुमच्या उजव्या हाताला, वरचे डाव्याला. मी बाजाच्या पेटीवाणी डावीकडनं उजवीकडं लावत बसले. चूक माझी, तुमची नाय!"

तिनं बसल्या बसल्या सगळी सरगम फिरवली. वरचे सूर डावीकडं, खालचे उजवीकडं. सावळीरामनं काठ्या घेतल्या आणि हळदीचं गाणं असं सरळ चालत आलं, जसं काय ते इतके दिवस दाराबाहेर उभं होतं. झुंबरबाई मेथी टाकून उठली. पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "चहा टाकते."

प्रत्येक गाण्याला सुवर्णानं वेगळी जुळणी करून ठेवली. म्हाताऱ्याला आकडे वाचायला चष्मा लागायचा, म्हणून बटणांवर तिनं आपल्या टिकल्या चिकटवल्या. लाल दाबली की हळदीचं, हिरवी दाबली की वरातीचं.

वरातीच्या दिवशी गाडी निघाली. अर्ध्या वाटेत जनरेटर गचकला, पुन्हा चालू झाला. सावळीरामनं काठी मारली तर खळ्ळकन काच फुटली! म्हणजे आवाज हो. पेटी बंद होऊन भलत्याच जुळणीवर गेली होती. नवरदेवाचा मामा ओरडला, "कुणी फोडली रे?" लोक हसायला लागले. जीवननं खुळखुळ्याकडं बघितलं, ते सावळीरामला दिसलं. पण त्यानं घाई नाय केली. वाकून हिरवी टिकली शोधली, दाबली, आणि पहिला सूर मारला. खणखणीत! मारुतीपर्यंत मग तो थांबलाच नाय. सुरांच्या मध्ये संबळही घुमवला. म्हाताऱ्या बायका नाचल्या.

मारुतीसमोर जीवन गाडीवर चढला. "बघू काका," म्हणून त्यानं काठ्या घेतल्या. दोन-चार मारल्या आणि चक्रावला. "हे तर उलटं हाय!"

"तुला उलटं," सावळीराम म्हणाला. "मला सुलटं."

जीवन हसला, काठ्या परत दिल्या. "पुढची जागा तुमचीच. दुसऱ्या कुणाला वाजवता यायचंच नाय हे."

मग सावळीरामनं काय केलं असंल? आयुष्यात चारचौघांत कुणाला 'बरं केलंस' म्हणाला नव्हता तो. त्यानं गाणाऱ्याच्या हातातला माईक घेतला आणि बिनदातानं, शब्दाशब्दाला फटीतनं शिट्टी निघत असताना, सगळ्या वरातीला सांगितलं, "मंडळी, हे सूर माझ्या सुनेनं लावलेत. सुवर्णानं. मालेगावची लेक हाय. माझा वाजवणारा हात तिनं मला परत दिला." बायकांच्या घोळक्यात सुवर्णा लाजून पार मागं सरकली. झुंबरबाईनं तिला दंडाला धरून पुढं ओढली, "आता लाजतेस काय? ऐक की नीट!"

पुढं कितीतरी सीझन वाजवलं त्यानं. एवढीच गोष्ट.

आता एक मागणं हाय तुमच्याकडं. तुम्ही गाडीवाली माणसं. रस्त्यात एखादी वरात आडवी आली आणि पुढं कुणी म्हातारा काठ्या घेऊन सूर वाजवत असला, तर हॉर्न मारू नका. गाणं संपेस्तोवर थांबा तेवढं.