समुद्रावरची झोप

मित्रांनो, ही निळी, पोपडे सुटलेली म्हातारी होडी म्हणजे मी. ग्रीसच्या लेस्वोस बेटावर पाइनच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. इग्नाती नावाच्या तरुण कोळ्याने मला रंग दिला आणि आमची जोडी जमली. पहाटेच्या धुक्यात समुद्र कुठे संपतो नि आकाश कुठे सुरू होते, ते मलाही कळत नसे. धक्क्यावरचे लोक म्हणत, "होडी असावी तर अशी!"

एका सकाळी, युद्धातून पळालेल्या माणसांनी खच्चून भरलेली एक रबरी नाव आमच्या डोळ्यांदेखत फुटली. इग्नातीने जमतील तेवढ्यांना माझ्यात ओढून घेतले. पण एका बाईचा ओला हात त्याच्या हातातून निसटला, आणि ती दिसेनाशी झाली.

गावाने त्याला डोक्यावर घेतले. तो मात्र कौतुक ऐकले की उठून जाई. समुद्रपक्षी ओरडला तरी दचके, घामाने भिजे. त्याची झोप उडाली. मला त्याने वाळूवर ओढून ठेवले, ते ठेवलेच. उन्हाने माझ्या फळ्या तडकल्या. त्याचा मेहुणा म्हणाला, "विसर की आता! पुरुषासारखा पुरुष तू!" तेव्हापासून इग्नाती आणखीच गप्प झाला.

त्याची बायको मिर्सिनी तसे काही बोलली नाही. ती अंजिरे घेऊन माझ्यात येऊन बसू लागली. "मी काही विचारणार नाही," ती निघताना त्याला म्हणे, "वाटलं तर ये." बऱ्याच दिवसांनी तो आला. नुसता बसला.

मग एकदा इग्नाती बसलेला असताना गावातले म्हातारे थिओफानिसकाका धापा टाकत माझ्यात चढले. "सरक जरा. माझा भाऊ माझ्यासमोर बुडाला, ठाऊक आहे? मी कुणाशी बोललो नाही, बाटलीशी बोलत बसलो. तू दवाखान्यातल्या त्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जा."

"मला काय वेड लागलंय, काका?"

"माझ्या कुरकुरत्या गुडघ्यांना डॉक्टर चालतो, मग तुझ्या झोपेला का नको?"

इग्नाती कितीतरी दिवसांनी हसला. आणि गेला. परत येई तेव्हा पिळून काढल्यासारखा दिसे. तरी पुन्हा जाई. एका संध्याकाळी माझ्यात बसून तो मिर्सिनीला म्हणाला, "तिचा हात गार होता गं. मी घट्ट धरला होता." तिने समजूत घातली नाही. फक्त ऐकले. तो रडला, आणि माझ्या सुकलेल्या फळ्यांवर खारे पाणी पडले.

वाईट दिवस नंतरही आले. पण वसंतात त्याने माझ्या फटी बुजवल्या. पहिल्या दिवशी तो घोट्यापर्यंतच पाण्यात उतरला आणि परतला. कुणी हसले नाही. पुढे एका सकाळी दोघे मला घेऊन निघाले.

"अरे, खडकावर घालतोयस आपल्याला!" मिर्सिनी ओरडली.

"मग तूच वल्हव!"

तिने खरेच वल्ही घेतली. लाटांवर मी हळूहळू डुलत राहिले. पाहते तर काय, तो माझ्या तळाशी अंग मुडपून गाढ झोपला होता! मिर्सिनीने वल्ही उचलून धरली. पक्षी ओरडत गेले. तो हलला नाही.

मित्रांनो, कुणी असा गप्प झाला, तर त्याला 'विसर' म्हणू नका, घाईही करू नका. जवळ बसा. तो बोलेल तेव्हा ऐका. आणि आता जरा हळू बोला. तो अजून झोपला आहे.