पलीकडची खुर्ची

मित्रांनो, मी सागवानी लाकडाची, वेताने विणलेली एक जुनी खुर्ची आहे. दिसायला साधीच, पण माझा तोरा विचारू नका! देशाचे कारभारी ज्या खोलीत शेजारच्या देशाशी कसे वागायचे ते ठरवतात, त्या खोलीत माझी जागा आहे.

तिथली एक रीत होती. निर्णय पक्का करण्याआधी बैठकीतल्या एकाने माझ्यावर बसायचे आणि शेजारी देश होऊन बोलायचे. आपल्या निर्णयाने तो घाबरेल की चिडेल, हे त्याच्या बाजूने सांगायचे. म्हणून मला सगळे ‘पलीकडची खुर्ची’ म्हणत. भलेभले मुत्सद्दी माझ्यावर बसून आपल्याच सरकारशी कडाकडा भांडले आणि कितीतरी चुका खोलीतल्या खोलीतच निस्तरल्या.

मग नवे पंतप्रधान आले. माणूस कामाचा, पण भारी उतावळा.

“हे कसलं नाटक? आपण आपलं बघायचं!” ते म्हणाले.

झाले! माझी रवानगी कोपऱ्यात झाली. अंगावर ओले रेनकोट पडू लागले. फार वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

एके दिवशी शेजाऱ्याने नदीपलीकडे फौज आणून उभी केली. तातडीची बैठक बसली.

“आपण आजच नदीवरचा पूल ताब्यात घ्यायचा. कुणाची हरकत?” पंतप्रधानांनी विचारले.

परराष्ट्रमंत्र्यांनी मान डोलावली. अर्थमंत्र्यांनी त्यांचीच री ओढली. मला ओरडावेसे वाटत होते, पण खुर्चीला तोंड कुठले!

तेवढ्यात सेनापती उठले. त्यांनी रेनकोट खाली टाकले, मला ओढत टेबलाशी आणले आणि ते माझ्यावर बसले.

“आता मी शेजारी,” ते म्हणाले. “गेल्या आठवड्यात तुम्ही नदीकाठी तोफा आणल्या. आम्ही काय समजायचं?”

“अहो, तो तर आपला दरवर्षीचा सराव!” पंतप्रधान म्हणाले.

“ते तुम्हाला ठाऊक. आम्हाला कुणी सांगितलं?”

परराष्ट्रमंत्र्यांनी जीभ चावली. “दरवर्षी कळवतो. यंदा राहूनच गेलं. पलीकडून विचारणारंच कुणी नव्हतं ना इथे.”

“साहेब, आता माझं म्हणून सांगतो,” सेनापती माझ्यावरून उठत म्हणाले. “काठावर माझी पोरं उभी आहेत. पुलावर पाऊल पडलं, की त्यांतली किती परत येतील हे मला सांगता येणार नाही.”

पंतप्रधानांनी स्वतः शेजाऱ्याला फोन लावला. “चूक आमची झाली. तो नुसता सराव होता. तोफा आजच मागे घेतो,” ते म्हणाले. पलीकडचे बोलणे ऐकता ऐकता त्यांचा चेहरा खुलत गेला आणि साऱ्या खोलीचा जीव भांड्यात पडला.

दोन्ही फौजा मागे फिरल्या. एकही गोळी सुटली नाही! पंतप्रधानांनी माझ्या हातावर थाप मारली. “हिला इथून कुणी हलवायचं नाही!” माझा ऊर अभिमानाने भरून आला.

मित्रांनो, माझा वेत आता सैल झाला आहे. तो विणून घ्या, म्हणजे मी आणखी पुष्कळ वर्षे टिकेन. पण मला रिकामी ठेवू नका. भांडण पेटण्याआधी कुणीतरी येऊन बसा. त्या नदीकाठी गेलेली पोरे घरी परतली, मित्रांनो. सगळीच्या सगळी!