वार्वारासाठी घंटा

“नाही वाजवणार, बाबा. दुसऱ्या कुणालाही सांगा,” गेरासिम म्हणाला आणि चर्चच्या पायरीवर बसला तो उठेचना.

पाद्रीबाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर मागून आणलेला झगा, पायात कुणाचे तरी बूट. माझं घर पुरात वाहून गेलं होतं.

“अरे, वार्वारा सख्खी बहीण ना तुझी?” बाबा हळू आवाजात म्हणाले. “घंटेशिवाय पोचवायची तिला? गावाला कळायला नको? लोकांनी तिच्यासाठी देवाकडे क्षमा मागायला नको?”

“सख्खी आहे म्हणूनच.”

आमच्याकडे कुणी वारलं की त्याला पुरेपर्यंत रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ घंटा वाजते. ऐकणारा हातातलं काम थांबवतो, छातीवर क्रूस करतो आणि ‘देव त्याला क्षमा करो’ म्हणतो. गेरासिमचं सगळं आयुष्य त्या दोरीला लोंबकळण्यात गेलं. लग्न केलं नाही. जेवायला बहिणीकडे, भांडायलाही बहिणीकडेच. कधी मीठ जास्त, कधी त्याच्या बुटांचा चिखल, काहीतरी कारण लागायचंच. पण वार्वाराच्या ताटावरून तो उपाशी उठलाय, असं मी तरी कधी पाहिलं नाही.

वसंतात जिल्ह्याहून एक साहेब आले होते. शाळेत सभा झाली. पूर आला तर काय करायचं, ते त्यांनी नीट समजावून सांगितलं. प्रत्येक घरात एक पिशवी तयार हवी: कागदपत्रं, औषधं, बॅटरी, पाणी. भोंगा वाजला की थेट चर्चच्या टेकडीवर यायचं.

“त्या पिशवीत दारू किती ठेवायची, साहेब?” म्हातारा कालिस्त्रातनं विचारलं आणि सगळी शाळा हसली.

“आणि वीज गेली तर?” कुणीतरी म्हणालं. भोंगा विजेवरचा होता.

गेरासिम उभा राहिला. चारचौघांत बोलायची त्याला सवय नव्हती, कान लाल झाले होते. “मी घंटा वाजवीन,” म्हणाला. टाळ्या पडल्या. साहेबही खूश झाले. पुराच्या दिवशीच गावात कुणी मेलेलं असेल तर, हा विचार मात्र त्यांच्या, आमच्या, कुणाच्याच डोक्यात आला नाही.

पिशवी केली ती अख्ख्या खालच्या आळीत एकट्या वार्वारानं. भावाचा शब्द होता ना! दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेवली होती. मी चिडवायची, “कुणाबरोबर पळून जायचा बेत आहे गं या वयात?” ती म्हणायची, “तुला सांगितलं तर तूच आधी जाशील.”

म्हातारा कालिस्त्रात गुरुवारी वारला. शुक्रवारी पावसानं उसंत घेतली नाही आणि वीज दुपारीच गेली. संध्याकाळ व्हायला थोडा अवकाश होता. मी कोंबड्या आत घेत होते, समोर वार्वारा दारात उभी होती. म्हाताऱ्याच्या नावानं वाटायचा गोड कोलिवा करायचा म्हणून तिनं गहू शिजायला टाकला होता. तेवढ्यात घंटा सुरू झाली.

“आज लवकर वाजवतोय गं,” मी ओरडून म्हटलं.

“पावसामुळे असेल.” तिनं छातीवर क्रूस केला. “देव म्हाताऱ्याला क्षमा करो. त्या कंजुषानं जन्मात कधी एक घोट पाजला नाही माझ्या भावाला, आणि हा बघ कसा जीव तोडून ओढतोय! वेडा कुठला.”

आणि हसली. देवा, हसली ती! “चल, गहू लागेल खाली,” म्हणून आत गेली.

घंटा थांबेना. एवढा वेळ का, असं माझ्या मनात येईतो परसातून पाणी आलं, कुंपणाच्या फळ्या घेऊनच. वरच्या गावचा तलाव फुटला होता. मी शिडीवरून माळ्यावर चढले, तिथून छपरावर. वार्वाराच्या नावानं घसा फाटेपर्यंत ओरडले. तिचं घर आमच्यापेक्षा खोलगट जागेत. पाण्यानं दार बाहेरून दाबून धरलं असणार. आळीतली बाकीची माणसं माझ्यासारखीच छपरांवर चढून वाचली; माझं घर मला उतरवून घेतल्यावर कोसळून वाहून गेलं. ती तेवढी चुलीपाशी सापडली. पिशवी खिळ्यालाच होती.

“मला वरून दिसत होतं, तुदोरा,” पायरीवर बसलेला गेरासिम अचानक माझ्याशी बोलायला लागला. त्याचे तळहात सोलून निघाले होते. “अख्खी आळी दिसत होती. एक माणूस बाहेर पडेना. तिच्या धुराड्यातून धूर निघतच होता. वाटलं, धावत जावं, हाताला धरून ओढून आणावी. पण घंटा थांबली असती तर लोकांना वाटलं असतं, संकट टळलं. म्हणून ओढत राहिलो.”

मला रडूच आवरेना. तोच उठला शेवटी. टोपी घातली.

“मी सांगतो गावाला,” बाबांना म्हणाला, आणि टेकडी उतरायला लागला. मी मागोमाग गेले.

वरच्या आळीतल्या पहिल्या फाटकापाशी त्यानं टोपी काढली. “माझी बहीण वार्वारा गेली. तिच्यासाठी क्षमा मागा.” चिखल उपसणाऱ्यांनी फावडी खाली ठेवली. तो पुढच्या फाटकाशी गेला, मग त्याच्या पुढच्या. टोपी काढायची, तेच शब्द, टोपी घालायची. एका घरातली बाई रडत बाहेर आली, “गेरासिमदादा, आम्ही ऐकली रे घंटा, पण आम्हाला वाटलं...”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “आत्ता वार्वारासाठी म्हण.”

खालच्या आळीत कुणीच नव्हतं, सगळे शाळेत झोपायला. तरी तो एकही फाटक चुकवेना. ओसाड घरांना सांगत निघाला. माझ्या फाटकाशी आला. फाटक तेवढंच उरलं होतं, मागे नुसता गाळ. मी त्याच्या शेजारीच उभी होते. त्यानं टोपी काढली, आत पाहिलं आणि म्हणाला, “तुदोराबाई, माझी बहीण वार्वारा गेली.”

“देव तिला क्षमा करो,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि पुढच्या फाटकाकडे गेला.